मुबांगाचं वय

"बाना न्गोसा, हा माणूस चार वर्षांत एकोणतीस वर्षांनी तरुण झालाय. कसा काय?"

चर्चच्या सभागृहातल्या लांब टेबलावर पाहणीचा तपासनीस सोको याने दोन फॉर्म शेजारी शेजारी मांडले होते. एक सन दोन हजारचा, कडा पिवळ्या पडलेला. दुसरा गेल्या आठवड्यातला. दोन्हींवरचं अक्षर एक्झिल्डाचंच, म्हणजे बाना न्गोसाचंच होतं. गोल, सुटं, बालवाडीच्या फळ्यावर असतं तसं. घर क्रमांक बारा, कुटुंबप्रमुख मुबांगा. पहिल्या फॉर्मवर वय छप्पन्न, दुसऱ्यावर सत्तावीस.

एक्झिल्डाला आधी हसू आलं. सोको हसला नाही, तेव्हा तिचंही ओसरलं.

"बायको एक्कावन्नची," तो बोट खाली सरकवत म्हणाला, "मुलगी एकोणतीसची. म्हणजे बापापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आणि हे लिहून तुम्ही खाली सही केलीत."

"पण तो मुबांगाच आहे."

"कुठला? छप्पन्नचा की सत्तावीसचा?"

 सेक्शन नऊ या खाणकामगारांच्या वस्तीत असा प्रश्न कोणी विचारतच नसे. मुबांगा तांब्याच्या खाणीत सव्वीस वर्षं होता. खाण विकली गेली, माणसं कमी केली, त्यात तो घरी बसला आणि दीड वर्षात गेला. वर्षभराने कुळातली माणसं जमली. त्याच्या बहिणीचा मुलगा मुटाले याला चटईवर बसवलं, पाणी पाजलं, मामाचा कमरपट्टा त्याच्या कमरेला बांधला. त्या दिवसापासून मुटाले संपला आणि मुबांगा घरात परत आला. मुलगी लेंग्वे त्याच्याहून मोठी, पण ती त्याला 'बाबा' म्हणते. तिची आई, म्हणून बाना लेंग्वे, शेजारणींसमोर त्याला खुशाल 'आमचे हे' म्हणते आणि संध्याकाळी पोराला ओरडावं तसं त्याला पाय धुवायला लावते. तो मागच्या खोलीत झोपतो आणि तिच्या भांड्यातलं जेवतो. मुबांगा मेला, असं त्या घरात कोणी म्हणत नाही. भरलेल्या जागेला रिकामी म्हटलं, तर बसलेल्या माणसाला हाताला धरून उठवल्यासारखं होतं.

एक्झिल्डाच्या स्वतःच्या घरातही तेच होतं. तिचा नवरा न्कांदू दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा भाचा आता न्कांदू होता. तो ट्रक चालवायचा आणि महिन्यातून दोनतीनदा तिच्या दारात येऊन "बाना न्गोसा, भूक लागलीय" म्हणायचा.

"नाव घेतलंय त्याने," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे पहिला मेला?"

"असं म्हणत नाहीत."

"म्हणत नाहीत, की झालंच नाही?"

एक्झिल्डा टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडत राहिली.

सोको राजधानी लुसाकात वाढलेला, न्गोनी जमातीचा होता. वय तिशीच्या आतबाहेर, शर्टाच्या खिशात तीन पेनं. न्गोनी आणि एक्झिल्डाचे बेंबा यांच्या आजेपणज्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. तेव्हापासून दोघांमध्ये थट्टेचं नातं. एकाने दुसऱ्याला काहीही बोलावं, दुसऱ्याने रागवायचं नाही, अगदी अंत्ययात्रेतही. एरवी एक्झिल्डाने त्याला येताक्षणी विचारलं असतं, उंदीर भाजून देऊ की कच्चाच चालेल? आज थट्टेचा दिवस नव्हता.

"हे बघा," सोको म्हणाला, "पकडल्यावर सुचलेली उत्तरं मी खूप ऐकलीत. मागच्या गावात एकाने मला जुळ्या भावांची गोष्ट सांगितली. आंब्याखाली बसून फॉर्म भरणारे सगळीकडे असतात. मला वयाचं एवढं नाही. मला हे छळतंय." त्याने एक कागद पुढे केला. "सेक्शन सातमध्ये शेहेचाळीस घरं. गेल्या फेरीपासून चार वर्षांत पंधरा कर्ते पुरुष मेले. तुमच्याकडे अठ्ठेचाळीस घरं. मेले किती? तीन. रस्ता ओलांडला की मरण थांबतं का, बाना न्गोसा? की तुम्ही रस्ता ओलांडलाच नाहीत?"

ती काही बोलायच्या आत तो उठला. "उद्या सकाळी बारा नंबरला मी स्वतः विचारीन. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे थांबायचं, तोंड उघडायचं नाही. आणि आज यातल्या एका जरी घराची पायरी चढलात, तर अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरं रद्द. आठ वर्षांची."

त्या आठ वर्षांचं त्याला काय माहीत असणार?

खाण भरात होती तेव्हा एक्झिल्डा खाणीच्या महिला मंडळात बायकांना विणकाम आणि पाव भाजायला शिकवायची. मंडळाला लोखंडी दार होतं, आत सोळा शिलाई मशिनं होती. आधी मशिनं गेली, मग दार गेलं. नुसती चौकट उरली तेव्हा, शहाण्णव साली, लुसाकाहून समाजशास्त्राचे प्राध्यापक आले. त्यांच्याबरोबर परदेशी विद्यापीठांतले दोघं होते. त्यांना त्याच त्या घरांत दर चार वर्षांनी जायचं होतं आणि तेच ते प्रश्न विचारायचे होते. गावातलं एकच मोठं काम संपलं की माणसांचं काय होतं, कोण येतं, कोण जातं, कोण कोणाच्या आधाराला राहतं, हे एकदा बघून कळत नाही. पुन्हा पुन्हा त्याच उंबऱ्यावर जावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. एक्झिल्डाला ते लगेच पटलं. शेजारणीचं घर कसं चाललंय हे तरी एका दिवसात कुठे कळतं?

कुटुंब म्हणजे कोण, यावर पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी तासभर काथ्याकूट केला होता. एका छपराखालचे? एका रक्ताचे? मागच्या बाकावरून एक्झिल्डा म्हणाली, "काल संध्याकाळी या भांड्यातून कोण जेवलं, असं विचारा. बाई खोटं बोलणार नाही. मक्याच्या पिठाची उब्वाली तिने घाटलेली असते, तिला तोंडं पाठ असतात." तो प्रश्न तसाच्या तसा फॉर्मवर छापला गेला. पुढे इतर गावांतही तोच वापरतात म्हणे. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तेवढं सांगितलं होतं, तो म्हणाला होता, "बघ, तुझं भांडं परदेशात गेलं."

तेव्हापासून तिने उंबरे झिजवले. 'काम: आहे / नाही' या दोन चौकटींत न बसणारी माणसं तिने समासात बारीक अक्षरात लिहिली. कोळसा विकतो. खाणीच्या मातीच्या ढिगांत तांबं शोधतो. सकाळी हेल्मेट घालून बाहेर पडतो, दिवसभर बारमागे बसतो, संध्याकाळी परत येतो. बायकोला माहीत आहे. असलं तिने लिहिलं आणि कोणाच्या घरचं कोणाला सांगितलं नाही. म्हणून दारं उघडत होती. उद्या ती खोटारडी ठरली, तर काम जाईलच. पण अठ्ठेचाळीस घरांनी तिच्यावर विश्वास ठेवून सांगितलेलंही कचऱ्यात जाईल, आणि सेक्शन नऊमध्ये गेली आठ वर्षं काही घडलंच नाही असं होईल.

संध्याकाळी ती कोणाच्या पायरीकडे फिरकली नाही. ऑक्टोबरचा उकाडा होता. अंगणात शेगडी पेटवून ती भोपळ्याचा पाला निवडत बसली. तर पायरीच चालत तिच्याकडे आली.

"काय गं बाना न्गोसा," बाना लेंग्वे कुंपणापाशी उभी होती, कमरेला गुंडाळलेलं चितेंगे आवळत. "नळावर बायका सांगतायत, उद्या कोणी तपासनीस येतोय. आणि माझ्याच घरी येतोय. का? मी काय चोरलंय?"

"काही नाही. तेच प्रश्न परत विचारतात."

"तेच? मग तुझ्या कागदावरचं वाचून घे म्हणावं. डोळे गेलेत का त्याचे?" ती आत येऊन ओट्यावर टेकली. "खरं सांग. काय सांगू त्याला?"

एक्झिल्डाच्या हातातला पाला हातातच राहिला. एक वाक्य पुरलं असतं. पहिला मुबांगा अमुक साली गेला, एवढं म्हण बाई, माझ्यासाठी म्हण. समोर आठ वर्षं दार उघडत आलेली शेजारीण बसली होती. दोघींनी वर्षभराच्या अंतराने विधवेची पांढरी फडकी बांधली होती. तिने नाही म्हटलं नसतं. आणि शिकवलेलं उत्तर सोकोने पहिल्या वाक्यात ओळखलं असतं. नसतंच ओळखलं, तरी एक्झिल्डाला ते माहीत असतं. तपासनीस जो आळ घेत होता, तो तिने स्वतःच्या अंगणात बसून खरा करून दिला असता.

"जे आहे ते सांग," ती म्हणाली.

"मी तेच सांगते नेहमी."

"मग झालं."

"झालं काय? तुझा चेहरा बघ, पीठ सांडल्यासारखा." बाना लेंग्वेने वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. "माझ्याकडून काही चुकलंय का?"

"चुकलं असेल तर माझं. जा आता. तू इथे दिसलीस तर ते आणखी वाईट."

बाना लेंग्वे उठली. तिला राग आला होता. कुंपणापाशी वळून म्हणाली, "एक ऐकून ठेव. आपले हे मेले का, असं कोणी विचारलं, तर भांडी धुतलेलं पाणी अंगावर ओतीन. मग तो लुसाकाचा असो की स्वर्गातला."

सकाळी साडेआठला एक्झिल्डा रस्त्यापलीकडे टोमॅटो विकणाऱ्या बाईच्या कट्ट्यावर बसली. रस्ता अरुंद होता, त्यात सकाळी गाड्या नव्हत्या; अंगणातलं सगळं ऐकू येत होतं. ऐकू न येतं तर बरं झालं असतं.

सोकोने स्टूल ओढलं. तो पद्धतशीर माणूस होता. आधी नळाचं विचारलं, विजेचं विचारलं, आवाज सपाट ठेवून. मग भांड्याचा प्रश्न.

"काल संध्याकाळी या भांड्यातून कोण कोण जेवलं?"

"मी, लेंग्वे, लेंग्वेची दोन पोरं. आणि घरधनी."

"घरधन्याचं नाव?"

"मुबांगा."

"आहेत घरात?"

"अहो, या बाहेर!" बाना लेंग्वेने हाक मारली. मुबांगा बाहेर आला. बनियन, डोळ्यांत झोप, हातात ब्रश. बरा उंच होता, पण चेहरा कोवळा. सोको त्याच्याकडे नुसतं बघत राहिला.

"चार वर्षांपूर्वी इथे छप्पन्न वर्षांचे मुबांगा होते असं लिहिलंय."

"होते की."

"ते कुठे आहेत?"

"हे काय, उभे आहेत." बाना लेंग्वेने बोट दाखवलं. "दात घासतायत."

टोमॅटोवाली खुदकन हसली.  मुबांगाने खाली मान घातली. एखादं वाक्य बोलून तो सोडवू शकला असता. पण नाव घेतलेल्या माणसाने, विधवेसमोर, तिच्याच अंगणात, 'मी तो नव्हे' कसं म्हणावं?

"या चार वर्षांत," सोकोने फॉर्मवरचं वाचलं, "या घरातलं कोणी मरण पावलं का?"

बाना लेंग्वेचा हात भांड्यांच्या पातेल्याकडे गेला. एक्झिल्डा उठून उभी राहिली, पुन्हा बसली.

"नाही," बाना लेंग्वे म्हणाली. "या घरात कोणी मेलेलं नाही. लिही."

सोकोने लिहिलं. पेनाला टोपण लावलं. रस्त्यापलीकडे एक्झिल्डाकडे एकदा पाहिलं आणि फॉर्मांची पिशवी बंद केली. चेन ओढल्याचा आवाज तिला कट्ट्यावर ऐकू आला. आठ वर्षं त्या पिशवीत गेली.

"उठलास काय लगेच?" बाना लेंग्वे म्हणाली. काम झालं, आता पाहुण्याशी बोलायला हरकत नव्हती. "नाव काय म्हणालास?"

"सोको."

"सोको? न्गोनी का तू?" तिचा सगळा चेहरा उजळला. "अगं बाई, आणि मी इतका वेळ याच्याशी सभ्यपणे बोलतेय! उंदीरखाऊ कुठला! आधी सांगायचंस, उंबऱ्यावर मांजर बांधलं असतं."

सोको दचकला. मग त्याच्याही ओठाचा कोपरा हलला. तेवढं तर लुसाकातही शिकवतात. "माकडं खाणाऱ्यांनी उंदराला नावं ठेवू नयेत, आजीबाई."

"आजी तुझी! आणि ऐक, तुझ्या भाईबंदांकडून माझी कोंबडी यायचीय. ते शेजारच्या सेक्शनमधले न्गोनी, लुच्चे वाटेत आडवे पडले होते, खांद्यावरची पेटी पुढे जाऊ देईनात. एकाने आमच्या ह्यांचं हेल्मेट डोक्यावर घातलं आणि हे कसे खोकत चालायचे ते करून दाखवलं. इतकं हुबेहूब, की रडता रडता मला हसू आलं. आणि जाताना माझी तांबडी कोंबडी घेऊन गेले!"

"कधी?"

"ज्या दिवशी आम्ही रडलो त्या दिवशी."

सोको अर्धवट उठला होता, तसाच थांबला. पिशवी हळूच जमिनीवर ठेवली. त्याने फॉर्म काढला नाही, पेन काढलं नाही. "कोणासाठी रडलात?" त्याने विचारलं.

"मुबांगासाठी. आणखी कोणासाठी?"

"कधी, आई?"

"एप्रिलमध्ये. पाऊस संपत आला होता. लेंग्वेचा धाकटा पोटात होता, तो आता तीनचा." ती बोटांवर मोजू लागली, मग मोजायचं सोडलं. "वर्षभर जागा रिकामी होती. रात्री दाराला अडसर मी घालायची. मग हा बसला." तिने तरुणाकडे पाहिलं. "हा बसला म्हणून मी उठले. नाहीतर अजून त्या चटईवर असते."

मुबांगा ब्रश हातात घेऊन उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मामाचं वय तेव्हा सत्तावन्न होतं, साहेब. माझं सत्तावीस आता."

बाना लेंग्वेने पातेल्यातलं पाणी ओतलं नाही. ती आत निघून गेली.

सोको रस्ता ओलांडून आला तेव्हा एक्झिल्डाचे हात टोमॅटोवालीच्या फळकुटावर घट्ट होते.

"तुम्ही फॉर्म खोटे भरले नाहीत," तो म्हणाला.

तिने श्वास सोडला.

"पण चुकीचे भरलेत. मी काल रात्री वयं तपासली. अशी अकरा घरं आहेत. तीन आणि अकरा किती होतात?"

चौदा. रस्त्यापलीकडच्या सेक्शन सातमध्ये पंधरा. मरण रस्त्याच्या कडेशी थांबलं नव्हतं. एका हातात पेन धरून, दुसऱ्या हाताने नमस्कार करत, तीच त्या चौदातल्या अकरा जणांना दारामागे लपवत आली होती. खाण गेल्यावर माणसांचं काय झालं, एवढंच तर विचारायचं होतं. आणि जे झालं तेच तिने लिहिलं नव्हतं. खोटेपणाचा आळ गेला, पण सुटल्यासारखं वाटेना.

"उरलेल्या दहाही घरी मी परत जाते," ती म्हणाली. "मेलं का म्हणून नाही विचारणार. कोणासाठी रडलात, असं विचारीन."

"नऊ घरी जा." सोकोने यादी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. घर क्रमांक एकतीस. "या घराचा फॉर्म तुम्ही तुमचा तुम्हीच भरलात. ते नियमात बसत नाही. तिथे मला विचारावं लागेल."

घर क्रमांक एकतीस तीन गल्ल्या सोडून होतं. ते चालत गेले. अंगणात शेगडी थंड होती. कालचा निवडायचा राहिलेला पाला सुपात सुकला होता. एक्झिल्डाने त्याला स्टूल दिलं, स्वतः ओट्यावर बसली. आठ वर्षांत ती पहिल्यांदा या बाजूला बसत होती. पेन दुसऱ्याच्या हातात असलं की आपले हात कुठे ठेवायचे, हेच कळत नाही.

सोकोने नळाचं विचारलं, विजेचं विचारलं. तिने उत्तरं दिली. 

"या चार वर्षांत, आई, या घरात तुम्ही कोणासाठी रडलात?"

तिला सगळं पाठ होतं. तारीख, वार, हॉस्पिटलच्या बाहेरचं ते निळं बाक, पेटीवर टाकलेलं त्याचं हिरवं जाकीट. दोन वर्षांत एकदाही कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं म्हणून विचारलं नव्हतं, आणि त्यासाठी तिने सगळ्यांचे मनोमन आभार मानले होते. तिने सुपातला सुकलेला पाला एकेक करून बाजूला ठेवला.  सोको वाट बघत राहिला. फॉर्मवर खाडाखोड करायला, प्रश्न सोपा करून द्यायला तो धावला नाही. चांगल्या पाहणीवाल्याने तसंच थांबायचं असतं. तिनेच आठ वर्षं नव्या मुलींना ते शिकवलं होतं.

"न्कांदूसाठी," ती म्हणाली. "दोन हजार दोन, नऊ जून. रविवार होता."

"वय?"

"एकोणपन्नास."

"काम?"

"होतं. मग नव्हतं." तिने समासाकडे बोट दाखवलं. "तिथे लिहा. सकाळी हेल्मेट घालून जायचा, बारमागे बसायचा, संध्याकाळी यायचा. बायकोला माहीत होतं."

सोकोने समासात लिहिलं, बारीक अक्षरात. मग पुढची ओळ.

"काल संध्याकाळी या भांड्यातून कोण जेवलं?"

"काल मी जेवलेच नाही." तिने उठून शेगडीतली राख झटकली आणि कोळसे रचायला घेतले. "आज लिहा. आज दुपारी ट्रक येतोय. मी आणि न्कांदू."

सोकोने वय विचारलं नाही. तिने सांगायची वाट पाहिली.

"वय एकतीस," ती म्हणाली, आणि काडी ओढली.